सांगलीत कोण आहे रे सध्या?

कॉलेजच्या ग्रुपवर हा प्रश्न साधारण ऑक्टोबरात, आपल्याकडच्या पहाटे येऊन पडतो. विचारणारा न्यू जर्सीत नाहीतर मेलबर्नला असतो आणि उत्तर त्याला पुरतं ठाऊक असतं. सांगलीत मी असतो. बाकीचे निकालाबरोबर पुण्याच्या गाडीत बसले ते बसलेच. मी राहिलो. एवढ्या एका गुणावर माजी विद्यार्थी मेळाव्याच्या संयोजकपदी माझी तहहयात नेमणूक झालेली आहे. हॉल बघणं, आचारी ठरवणं, सरांना घरून आणून घरी पोचवणं ही त्यातली सोपी कामं. अवघड काम निराळंच. गाव सोडून गेलेल्या प्रत्येकानं जाताना सांगलीचा एक फोटो मनात काढून नेलेला असतो. परत आल्यावर गाव त्या फोटोबरहुकूम आहे की नाही, हे तो तपासतो. जिथं जुळत नाही तिथला खुलासा मला विचारला जातो. "अरे, कोपऱ्यावरचं ते झाड कुठं गेलं?" या प्रश्नाच्या पोटात "तू काय करत होतास?" हा उपप्रश्न असतोच.

आमचं कॉलेज विलिंग्डन. 1919 सालचं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं, विश्रामबागेत. पु. ल. देशपांडे इथून एम. ए. झाले आणि पुढं ज्ञानपीठ मिळालेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक इथं प्राचार्य होते, ही दोन वाक्यं मेळाव्यात प्रत्येक वक्ता म्हणतो. म्हणण्याचा सूर असा, की पुलंच्या शेजारच्या बाकावर हाच बसायचा. जवळच, मिरज रस्त्यालाच, वालचंद इंजिनिअरिंग. ते 1947 साली धोंडूमामा साठ्यांनी 'न्यू इंजिनिअरिंग कॉलेज' म्हणून काढलं, 'वालचंद' नाव 1955 मध्ये लागलं. त्यांच्या मेळाव्याचं वेळापत्रक म्हणे एक्सेलमध्ये असतं. आमचं कुणाच्या तरी पाकिटाच्या मागं असतं. यात आम्हाला अभिमान वाटतो, हे त्यांना कधी कळणार नाही.

प्रश्नमंजूषा ठेवायची असेल तर एक प्रश्न सुचवतो. इंग्रज जाऊन एवढी वर्षं झाली, पण दोन लॉर्ड सांगलीकराच्या तोंडातून हलायला तयार नाहीत. कॉलेजला विलिंग्डन, पुलाला आयर्विन. यातला आधी कोण? दिल्लीत आयर्विन आधी व्हाइसरॉय होता आणि 1931 साली त्याच्या जागी विलिंग्डन आला. सांगलीत मात्र विलिंग्डन 1919 लाच आला, आयर्विन 1929 ला, पुलाच्या रूपानं. हा प्रश्न जेवणाआधी विचारू नये. इतिहासवाले आणि सायन्सवाले अर्धा तास ताटांकडं फिरकत नाहीत आणि भाकऱ्या निवतात.

आता तारीख. पहिली हौस सगळ्यांना गणपतीची असते. "गणपतीत येऊ रे, सगळं एकदम बघून होईल." त्यांना मी पंचांग पाठवतो. सांगलीच्या गणपती मंदिरात चोर गणपती बसतो तो भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, गाजावाजा न करता, चतुर्थीच्या आधीच. तासगावचा रथ ऋषिपंचमीला. सांगली संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी. आणि मिरजेच्या त्या भल्यामोठ्या स्वागत कमानी बघायच्या तर अनंत चतुर्दशी. म्हणजे 'सगळं एकदम' बघायला प्रतिपदा ते चतुर्दशी असा पुरा पंधरवडा लागतो, आणि परदेशातल्या माणसाची रजा दहा दिवसांची, त्यातले चार सासुरवाडीचे. शिवाय पाऊस. त्यातून कुणी ऑगस्टचं नाव काढलं, की ग्रुपवर आपोआप शांतता पसरते. 2019 हे कॉलेजचं शताब्दी वर्ष, आणि त्याच ऑगस्टात कृष्णेनं आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर जाऊन दाखवलं. तेव्हापासून पावसाळ्यात मेळावा घ्यायचं धाडस फक्त कोथरूडमध्ये बसलेले लोक करतात.

शेवटी डिसेंबरचा चौथा शनिवार ठरतो. दरवेळी तोच ठरतो, पण त्यासाठी मतदान घ्यावंच लागतं. पर्याय दोनच द्यायचे. तीन दिले तर चौथा सुचवणारा निघतो.

वर्गणीचं शास्त्र वेगळं. 'शंभर टक्के येणार' असं लिहिणारे, नुसता अंगठा दाखवणारे आणि काहीच न बोलणारे असे तीन वर्ग असतात. पैकी शंभर टक्केवाल्यांवर आचाऱ्याला आकडा सांगू नये, त्यांच्याकडं त्याच दिवशी लग्न निघतं. अंगठेवाले निम्मे येतात. गप्प बसलेले सगळे येतात, आणि येताना मेव्हणा घेऊन येतात. म्हणून पैसे जमा झाल्याशिवाय नाव धरायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच लिहून टाकावा. पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागी नाव टाका, असं तीनदा सांगावं. तरी निम्मे लोक तिथं जोडलेल्या हातांचा इमोजी टाकतात आणि पैसे बायकोच्या खात्यावरून येतात. मग 'स्वप्ना एस.' ही कुणाची, हे शोधत रात्री अकराला मी फोन फिरवत बसतो. यातून काही गैरसमज झालेले आहेत, त्यात शिरत नाही.

हॉल घेताना एसी, पार्किंग सगळे बघतात. मी दोन गोष्टी बघतो. एक, स्टेजला पायऱ्या किती आणि कठडा आहे का. दोन, स्वच्छतागृह किती अंतरावर. सत्काराला येणारे सर ऐंशीच्या पुढचे असतात, आणि खरं सांगायचं तर सत्कार करणाऱ्यांचे गुडघेही आता सत्काराच्याच वयाचे झालेत. सरांना हाताची खुर्ची लागते. सोफ्यात बसवलं की उठवायला दोघं लागतात आणि फोटोत ते ओढाताणीसारखं दिसतं. शाल सुती घ्यावी, श्रीफळ सोललेलं शेंडीवालं घ्यावं, कारण सालासकटचं सरांच्या हातात मावत नाही. सत्कार पहिल्या वीस मिनिटांत उरकावा. उशीर केला तर सर कंटाळून हजेरी घेतात. त्यांना हुशार मुलांची नावं आठवत नाहीत. तिसऱ्या बाकावरून खिडकीबाहेर उडी मारून पळालेला बरोबर आठवतो, आणि तो आता एका बँकेचा उपाध्यक्ष असून शेजारी बायको-मुलं बसलेली असतात.

आत्मपरिचय हा मेळाव्यातला सर्वांत घातक पदार्थ. साठ माणसं, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे एक तास, हा कागदावरचा हिशोब. माणूस माईक हातात घेतल्यावर चार मिनिटांखाली सोडत नाही. चार तास. उपाय एकच: बिनतारी माईक भाड्यानं घ्यायचाच नाही. तो हातोहात फिरतो, बसल्याबसल्या बोलता येतं आणि माणूस सैलावतो. तारेचा माईक स्टेजवर स्टँडला घट्ट बसवून ठेवायचा. पाच पायऱ्या चढून जावं लागलं की निम्मे लोक जागेवरूनच हात हलवतात. उरलेल्यांना उभ्यानं बोलावं लागतं, आणि त्यांच्या मागच्या पडद्यावर जुने फोटो लावून ठेवले की श्रोते आपोआप मोठ्यानं हसायला लागतात. बोलणाऱ्याला वाटतं आपल्यालाच हसतायत. तो लवकर उतरतो.

जेवणाचा बेत ठरलेला: भरलं वांगं, पिठलं, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, दही, ज्वारीची भाकरी, शेवटी बासुंदी. परदेशवाल्यांना 'ऑथेंटिक' पाहिजे असतं. ते पाहिजे असेल तर भाकरीवाल्या मावशींना आठ दिवस आधी सांगावं लागतं. माणशी दोनचा हिशोब धरावा. अर्धे लोक "मी अर्धीच खातो, शुगर आहे" म्हणतात आणि तिसरी मागतात. भाकरी तव्यावरून उतरली की गरम गरमच स्टीलच्या डब्यात रचून झाकण लावणं हा शुद्ध अपराध. वाफेचं पाणी सुटतं, खालच्या चार भाकऱ्या ओल्या होतात आणि वरच्या निवल्यावर वातड. आधी उभ्या करून वाफ जाऊ द्यायची, मग दुरडीत सुती कापड घालून त्यात गुंडाळायच्या. बासुंदी नरसोबावाडीची हवी, असा हट्ट असतो. वाडी विसेक किलोमीटरवर आहे, आणायला काही नाही. पण गरम बासुंदी झाकणबंद किटलीत घालून आणली की सांगलीत पोचेस्तोवर फसफसते. तिथंच गार करून घ्यायची आणि बर्फाच्या पेटीतून आणायची. आणणाऱ्या माणसाला सोबत द्यावी, कारण वाडीला गेलेला माणूस दर्शन घेऊन, प्रसादाला थांबून, कंदी पेढे घेऊन, वर कवठाच्या बर्फीच्या चार दुकानांची तुलना करून मगच निघतो.

दुसऱ्या दिवशी ग्रामदर्शन. इथं माझी खरी परीक्षा.

सकाळी गणपती मंदिर, तिथं कुणाची तक्रार नसते. तिथून चालत नदीवर आणि आयर्विनवर. पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत आणि सांगलीकराची नदीशी ओळख त्या आकड्यांतून आहे. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. पुण्या-मुंबईचा माणूस पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो, सांगलीकर फुटांत. जुलै लागला की न्यू जर्सीवाल्याचा दर दोन तासांनी मेसेज येतो, "आयर्विनला किती?" त्याला कोयना धरणात 105 टीएमसीपैकी किती भरलं, किती क्युसेक सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी 519 मीटरला टेकली का, हे सगळं माझ्याआधी माहीत असतं. मी खिडकीतून नदीकडं बघून "वाढलंय" म्हणतो, तो तिकडून आकडेवारीनिशी मला खोडून काढतो. आणि 2019 ला पाणी कुठवर आलं होतं ते पुलावर उभं राहून दाखवताना त्याचा आवाज असा भरून येतो, की ऐकणाऱ्याला वाटावं हाच होडी घेऊन मारुती चौकात हिंडत होता. तेव्हा तो न्यू जर्सीतच होता. आम्ही गच्चीवर होतो, पण आम्हाला त्याबद्दल एवढं बोलता येत नाही.

आयर्विनवर पहिली हरकत: शेजारी दुसरा पूल कुणी बांधला? फोटोत येतोय. दगडी पुलावरची गर्दी वाहनांना आणि पुलाला दोघांनाही झेपेना, हे उत्तर चालत नाही. तेव्हा फोटो काढणाऱ्याला आधीच योग्य बाजूला उभं करून नवा पूल चौकटीबाहेर ठेवायचा. सकाळी आठच्या आत काढला तर ऊन तोंडावर येत नाही. आठच्या आत कुणी येत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. इथं दुसरी हरकत: "कोथळीला जायची नाव कुठाय?" पूल झालाय, म्हणून सांगितलं की माणूस दुखावतो. तो त्या नावेत एकदाच बसलेला असतो, तेही रडत. हरिपुरात हळदीची पेवं दाखवायला घेऊन जायची टूम प्रत्येक वेळी निघते, बायका-मुलांना काहीतरी 'माहितीपूर्ण' दाखवायचं म्हणून. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, त्यात हळकुंडं वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही. आतली हवा कोंडलेली, प्राणवायू नसतो. तोंड बराच वेळ उघडं ठेवून, आधी कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल. पण आता बघायला पेव कुठलं? 2005 च्या पुरानं पेवांची वाट लागली आणि माल गोदामात गेला. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे सांगून मी वेळ मारून नेतो. मुलं म्हणतात, "म्हणजे खड्डा नाही?" नाही. "मग आपण इथं काय बघतोय?" नदी बघ बाळा.

भावे नाट्यमंदिरासमोरून गाडी नेताना वेग कमी करू नये. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत पहिलं मराठी नाटक केलं, 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन त्यामुळंच, हे तर आहेच. पण गाडी थांबली की प्रत्येकाला आपण स्नेहसंमेलनात केलेलं काम आठवतं आणि प्रत्येकाचंच प्रमुख असतं. एकाच नाटकात सात नायक होते, असा निष्कर्ष निघतो. पडदा ओढणारा एकही भेटलेला नाही. मी ओढत होतो, पण विषय काढत नाही.

गावात पाय ठेवताक्षणी भाषाही बदलते. वर्षभर ऑफिसात इंग्रजी बोलणारा माणूस रिक्षावाल्याला "काय मर्दा, किती घेतोस?" म्हणतो. रिक्षावाला त्याला "सर, हंड्रेड" म्हणतो.

निघायच्या दिवशी भडंग. खरी झुंज इथं. प्रत्येकाचं दुकान ठरलेलं आणि दुसऱ्याच्या दुकानाचं भडंग ही फोडणी दिलेली भेळ, असं प्रत्येकाचं मत. त्यातून एक जण हमखास म्हणतो, "विकतचं नको रे, घरी करायला शिकव." मग मी सांगतो, आणि ग्रुपसाठी इथंही लिहून ठेवतो, म्हणजे परत फोन येणार नाही.

चुरमुरे भडंगाचेच घ्या, फुगलेले आणि कुरकुरीत. भेळेचे घेऊ नका, ते तेल पिऊन बसतात. अर्धा किलो चुरमुऱ्यांना पाव किलो शेंगदाणे, दोनशे मिली तेल, शंभर ग्रॅम लसूण, पंचवीस-तीस ग्रॅम तिखट, चमचाभर हळद, दीड-दोन चमचे मीठ, तीन मोठे चमचे पिठीसाखर आणि मूठभर कढीपत्ता. चुरमुरे आधी उन्हात घाला किंवा कढईत कोरडेच भाजा. बोटात धरल्यावर वाकले तर अजून भाजा, मोडले तर झाले. शेंगदाणे तेलात तळून बाजूला काढा. लसूण सालासकट ठेचा, पण पेस्ट करू नका. तो मध्यम आचेवर सोनेरी होईपर्यंत तळायचा. घाईत काढला की आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी अख्खा डबा सादळतो. मग "सांगलीची ती चव राहिली नाही" असा मेसेज मला येतो. चुकतं बहुतेक वेळा इथंच. कढीपत्ता पुसून कोरडा करून घाला, नाहीतर तेल उडेल. आता गॅस बंद. बंद म्हणजे बंद. हळद-तिखट त्यानंतर, तेल जरा निवल्यावर. चालू गॅसवर तिखट घातलं की काळं पडतं, चव कडवट होते आणि ठसक्यानं घरातली माणसं गॅलरीत जातात. अमेरिकेत धुराचा भोंगाही वाजतो, तसा एकदा ऐन फोनवर वाजलेला मी ऐकलाय. मीठ-साखर घालून, चुरमुरे थोडे थोडे टाकत हातानं वरखाली करा. झाऱ्यानं ढवळलं तर भुगा होतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. एवढ्यात किलोभर भडंग होतं.

विमानानं नेणाऱ्यांसाठी: भडंगाला वजन नाही, आकार आहे. तेवीस किलोची बॅग पाच किलोत भरते आणि माणूस गोंधळतो. मऊ बॅगेत टाकलं तर तिकडं पीठ पोचतं. कडक डब्यात घालून मधोमध ठेवा, भोवती कपडे. कपड्यांना वास लागतो. लागू दे.

सगळे गेले की हिशोब. हॉल, अनामत परत, आचारी, भाकऱ्या, शाली, माईक, पेट्रोल, सरांची गाडी, सगळं बिलांच्या फोटोंसकट ग्रुपवर टाकायचं. काही रक्कम उरतेच. तिचं काय करायचं, यावर गरीब विद्यार्थ्याला मदत, कॉलेजात झाड, सरांना भेटवस्तू आणि पुढच्या वर्षीचा आगाऊ हॉल असे चार प्रस्ताव येतात. एकही मंजूर होत नाही आणि पैसे माझ्याच खात्यावर राहतात. हिशोब बहुतेक कुणी उघडतही नाही. सगळे अंगठा दाखवून पुढं सरकतात. फक्त एक जण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि पहाटे विचारतो, "माणसं 61 होती, मग भाकऱ्या 140 कशा?" तो आलेला नसतो. वर्गणीही दिलेली नसते. शंभर टक्केवाला असतो.